कम्फर्टेबल म्हणजे काय

४ जानेवारी
बायकोला, दीपमालाला, रिपोर्टसह डॉक्टरांकडे नेलं. ऋतुजा ऑफिसला दांडी मारून हिंजवडीहून आली होती. डॉक्टर म्हणाले, केमो थांबवू, आता आईंना कम्फर्टेबल ठेवायचं. बरं वाटलं. ती औषधंच तिला छळत होती. लेक पार्किंगमध्ये रडली. आनंदानेही रडतात माणसं.

५ जानेवारी
कंपनीत सगळा इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे असायचा. तरी खात्रीसाठी डिक्शनरी काढली. कम्फर्टेबल : आरामशीर, सुखावह, निश्चिंत. वाईट अर्थ एकही नाही. मेहुण्याला, सुदर्शनला, वारज्याला फोन करून समजावलं. तो म्हणाला, ताईला भेटायला येतो. त्याचं इंग्रजी पहिल्यापासून कच्चं.
संकल्प : नवी गादी. उद्यापासून सकाळी दीपमालाला चालवणे.

६ जानेवारी
गारठा होता. चालणं उद्यापासून.

११ जानेवारी
गादी आली. ती म्हणाली, जुनी काय वाईट होती. दोन घास खाल्ले, झोप नाही. नव्या गादीची सवय व्हायला वेळ लागतो.

१९ जानेवारी
मे महिन्यासाठी महाबळेश्वर बुक केलं. ऋतुजा म्हणाली, बाबा, कॅन्सल होणारं घ्या. हल्लीच्या मुलांना कशाचीच खात्री नसते.
चालणं अजून नाही. ती बाथरूमपर्यंत जाते, तेही धरून.

२ फेब्रुवारी
घरी श्रद्धा नावाची नर्स येऊ लागली. मॉर्फिन देते. म्हटलं, कम्फर्टेबल ठेवायचंय ना, मग हे कशाला? म्हणाली, काका, त्यासाठीच. या मुलींना ट्रेनिंग नीट देत नाहीत. डॉक्टरांना विचारणार होतो. फोन हातात घेतला. त्यांची ओपीडीची वेळ असणार, म्हणून ठेवला.

९ फेब्रुवारी
दीपमालाने जवळ बसवून घेतलं. म्हणाली, अहो, कुकर लावायला शिका. म्हटलं, महाबळेश्वरहून आल्यावर. ती म्हणाली, डॉक्टर काय म्हणाले ते मला तिथंच कळलं. तुम्हाला कधी कळतंय, याची वाट बघतेय.
थकव्याने माणूस काहीही बोलतो.

१२ फेब्रुवारी
सकाळी विचारलं, दुखतंय का? मानेनेच नाही म्हणाली. उशी सारखी केली. हात धरून बसलो. दुपारी गेली.
सुदर्शन आला. मीच म्हणालो, मला कळलं नाही रे. तो म्हणाला, दाजी, बसा.
बसलो.