गाळलेले दिवस

मंगळवार, फ्रिस्को

रात्रीचं जेवण झालं तरी लॅपटॉप बंद करवत नाहीये. नकाशावर तैवानभोवतीची ती तुटक रेष परत परत बघतोय. तिच्या आत चीनची किती लष्करी विमानं शिरली हे तैवान रोज जाहीर करतं, आणि मी आपला हौस म्हणून त्याचा ग्राफ करतो.

सकाळी नागपूरला आईला फोनवर सांगत होतो, की ही रेष म्हणजे देशाची हद्द नव्हे, हद्दीबाहेर आखलेला पहाऱ्याचा पट्टा. ती म्हणाली, "म्हणजे फाटकासमोरचा रस्ता. आपला नसतो, पण कोणी गाडी थांबवली की आपण खिडकीत जातोच." इतकं सोपं मला कधी सुचलं नसतं.

पण डोक्यातून जात नाहीये ते मेईचं बोलणं. ती माझ्या टीममधली, आईवडील तैवानला. लंचला तिला ग्राफ दाखवला. गर्दीच्या दिवसांकडे तिने बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "एकही विमान आलं नाही, ते दिवस कुठे आहेत?"

नव्हतेच. शून्य दिसलं की डेटा आला नाही असं धरून माझा प्रोग्राम तो दिवसच गाळतो. ऑफिसची सवय, दुसरं काय.

"विमानं येतात तेव्हा आई भाजी आणायला जाते," मेई म्हणाली. "येत नाहीत त्या दिवशी मी फोन करते."

आत्ता ते दिवस परत घातले. का आली नसतील? खराब हवा? सुट्टी? की कसली तयारी? रेषेच्या आत आजही कोरंच आहे. तिकडे आता उजाडलं असेल. मेईने फोन लावला असेल.