दुकानाचा गाळा

प्रिय ठकू,

फोनवर मी नेहमी ‘सगळं ठीक’ म्हणतो आणि तूही तेवढ्यावर भागवतेस, म्हणून हे लिहून कळवतोय. काल वकिलांकडे जाऊन मृत्युपत्रावर सही केली. घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तुझ्या लग्नातही कुरकुरत होते. राहतं घर तुझ्या नावावर आहे. चष्म्याच्या दुकानाचा गाळा मात्र मी चर्चला दिलाय. जावईबापूंच्या मनात त्या गाळ्याबद्दल काय होतं ते मला ठाऊक आहे, आणि तू नाराज होशील हेही. पण शेवटपर्यंत वाच, मग काय ते बोल.

तुझा बाप आणि चर्च, हे तुला पटायचं नाही. तुझी आई दर रविवारी गायनवृंदात गायची आणि मी बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचो. उपासना संपली की ती येऊन काचेवर टिचकी मारायची. माझं देवाशी भांडण नव्हतं गं, ओळखच नव्हती.

ती गेली तेव्हा तू आलीस. तिची कपाटं आवरलीस, डबे भरून ठेवलेस, माझ्या औषधांवर सकाळ-संध्याकाळच्या चिठ्ठ्या चिकटवल्यास. डोळ्यांत टिपूस नाही. मला वाटलं, पोरगी खंबीर आहे, आपण कशाला तिच्यासमोर रडायचं? तू परत गेलीस आणि घर खायला उठलं. दुकानात निदान माणसं यायची, पण माझीच नजर अधू झाली. ज्याला स्वतःला नीट दिसत नाही त्याने लोकांचे नंबर काय काढायचे? शटर ओढलं ते ओढलंच. मग दिवसभर मी आणि फ्रिजची घरघर. एका दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मी तुझ्या आईला हाक मारली, चहा टाकतेस का म्हणून. हाक तोंडातून गेली आणि मग कळलं. तशीच चप्पल पायात सरकवली आणि चर्चवर गेलो. ती जिथे मोकळ्या गळ्याने गायची, अशी ती एकच जागा.

दाराला कुलूप. रविवार सोडून चर्च बंद असतं हे गाडीत बसणाऱ्याला कुठून माहीत असणार? परत फिरलो, तर बाजूच्या खोलीतून किल्लीवाले काका बाहेर आले. घंटा वाजवणं, झाडलोट, दिवाबत्ती, सगळं तेच बघायचे. त्यांनी किल्ली काढली. दार उघडून म्हणाले, “बसा निवांत. मला अजून झाडायचंच आहे.”

मग मी रोज जाऊ लागलो. रोज त्यांचं झाडायचं राहिलेलं असायचं. झाडलोट ते सकाळीच उरकतात हे मला फार उशिरा कळलं. आत कधी दवाखान्यातली नर्स असायची, ड्युटी संपवून आलेली, कधी बेकरीतला माणूस, हाताला पीठ तसंच. कुणी कुणाशी बोलायचं नाही, पण आपल्या शेजारी कुणीतरी श्वास घेतंय एवढ्याने बरं वाटायचं. हळूहळू रविवारीही आत बसू लागलो. आता खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर ठेवतो. उपासना संपली की चष्म्याच्या सैल झालेल्या काड्या घेऊन अर्धी मंडळी माझ्यासमोर उभी असते.

मागे तू फोनवर हसत विचारलं होतंस, त्या लोकांनी तुम्हाला जाळ्यात तर ओढलं नाही ना? नाही गं. गाळ्याचं मी सांगितलं तेव्हा चर्चचे पाळकच म्हणाले, आधी मुलीशी बोला. मी म्हटलं, बोलतो. आणि बोलण्याची हिंमत होईना, म्हणून टाळत राहिलो.

मध्यंतरी काका थकले आणि भावाकडे राहायला गेले. दुसरा माणूस ठेवणं चर्चला झेपेना. रविवार सोडून दार पुन्हा बंद. एकदा ती नर्स कुलूप हलवून बघताना दिसली. थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. मी रस्त्याच्या पलीकडे होतो, आणि माझ्याकडे काही किल्ली नव्हती. तेव्हा गाळ्याचं ठरलं. त्याच्या भाड्यातून माणूस ठेवायचा आणि दार रोज उघडं ठेवायचं, एवढीच अट घातलीय.

आता खरं कारण. काकांना पोचवायला मी बसस्टँडवर गेलो होतो. बस लागल्यावर ते म्हणाले, “तुमची मुलगी परत जायच्या आदल्या दिवशी चर्चच्या पायरीवर बसली होती. मी दार उघडून दिलं. फार रडली हो. तुम्हाला सांगू नका म्हणाली.” घरात तू कोरडी, मी कोरडा, आणि दोघंही त्याच बाकांवर जाऊन रडलो, एकमेकांना चुकवून. ठकू, माझ्यामागे तू घर विकशील, विकावंसच. पण कधी आम्हा दोघांची आठवण काढत या गावात आलीस, तर दुसऱ्याच्या घराकडे बघत रस्त्यावर उभी राहू नयेस, म्हणून हे केलंय. आणि ते माझ्यामागेच कशाला? दार सध्या बंद आहे, पण किल्ली पाळकांकडून मागून घेता येते. या सुट्टीत एकटी ये. आपण दोघं जाऊन बसू.

वाट बघणारा,
तुझाच,
बाबा