तारखेखालची ओळ

इस्तंबूल, २४ नोव्हेंबर १९११ (जुनी ११)

चि. ओन्निक,

आशीर्वाद. कप्तान याकिमला सोमवारी शिक्षा सुनावणार आहेत, म्हणून लिहिते आहे. आईचा खोकला उतरला. बाकी घरी ठीक.

तुझं पत्र पोचलं. पॅरिसच्या आरोग्य परिषदेत तू आपल्या क्वारंटीनचा दाखला दिलास, ‘कप्तान तारखा खोट्या लिहितात’ म्हणालास, आणि साऱ्या देशांच्या प्रतिनिधींनी माना डोलावल्या.

याकिमचं ओडेसाचं जहाज २२ ऑगस्टला आलं. त्याच्या कागदावर पटकीचा शेवटचा रुग्ण ६ ऑगस्टचा. डॉक्टर म्हणून तू सोळा दिवस मोजलेस, गेल्या सात दिवसांत रुग्ण नाही म्हणून ‘बाधित’ऐवजी ‘संशयित’ शिक्का मारलास आणि प्रवासी उतरवलेस. धक्क्यावरचे चौदा हमाल पटकीने गेले. मग प्रवासी म्हणाले, रुग्ण बंदरात येण्याच्या तीनच दिवस आधी दगावला होता. कप्तान खोटारडा ठरला. आपल्या घरी नाताळसुद्धा जुन्या पंचांगाने होतो. रशियन ६ म्हणजे नवी १९, हे तुला कळू नये? कुणी तुझे हात ओले केले का, असंही मनात आलं. तीन आठवडे तोच ‘संशयित’ शिक्का मी तुझ्यावर मारून बसले होते. आणि गप्प राहिले.

परवा मला दुभाषी म्हणून तुरुंगात नेलं. याकिम ओरडला, “बाई, तुम्हा लोकांना वाचता येतं, की नुसते शिक्केच मारता?”

“आवाज खाली,” मी म्हटलं.

“आधी तारखेखालची ओळ वाचा. मग माझ्या आवाजाचं बघू.”

कचेरीत येऊन मूळ कागद काढला. तारखेखाली बारीक अक्षरात लिहिलंय: ‘जुन्या पंचांगाने’. भाषांतरात ती ओळ नाही. भाषांतर माझं. कॉलेजात भाषांतराचं पदक घेतलेली मी! तू दारात उभा राहून म्हणत होतास, “ताई, चहा नंतर पी, कागद दे आधी.” घाई तुझी होती, पण सही माझी आहे.

तरी एक शंका जात नाही. कागद ओडेसाचा, तारीख कुठल्या पंचांगाची, हे तू विचारायला विसरलास, की तुला विचारायचंच नव्हतं? उत्तर मला नको. परिषदेत उभा राहून दे.

तुझी बहीण,
वर्तानुश

आज दुपारी चौकशी अधिकारी रिफ्की एफेंदी यांच्या हाती दिले: कप्तानाचा मूळ कागद, माझं भाषांतर, माझा लेखी कबुलीजबाब. आणि तुझं पॅरिसचं पत्र.