नवव्या प्रकरणातलं रडणं

तैपेई, १९ ऑक्टोबर १९९३

प्रिय आ-च्यू,

पपनसांची पेटी पोचली. एकही फळ डागाळलेलं नव्हतं. आईचे गुडघे शेकतेस ना? वाताची गोळी जेवल्यावरच दे. उपाशीपोटी घेते आणि मग तुझ्याच नावानं शंख करते. मी बरी आहे. एकसष्टावी कादंबरी छापायला गेली. प्रकाशकाचं टुमणं तेच : "बाई, चौथ्या प्रकरणात भांडण, नवव्यात रडणं, दहाव्यात लग्न! भाड्यानं पुस्तक नेणाऱ्या पोरींना फसवायचं नाही."

हे पत्र आईसमोर वाचू नकोस.

गेल्या रविवारी ताइचुंगला पुस्तकांवर सह्या करायला बसले होते. रांगेत एक टक्कल पडलेला गृहस्थ, हातात माझी पहिली कादंबरी. "बायकोसाठी हवीय सही," म्हणाला. नाव विचारलं तर म्हणाला, "आधी माझं ओळखा. मी चिन-शेंग."

हो, तुझाच चिन-शेंग.

"तुझं पत्र नसलं की बोट रिकामीच आली असं वाटतं, हे वाक्य माझं आहे," तो म्हणाला. "किनमेन बेटावर पलटणीत असताना लिहिलेलं. तुमच्या बहिणीनंच दिली का तुम्हाला माझी पत्रं?"

मी "हो" म्हणाले.

मागे रांग मोठी होती ग. पण रांगेचं निमित्त कशाला सांगू? घाबरले मी. तो हसला. "तिला सांगा, मनावर घेऊ नको म्हणावं. पोरीनं पाठ फिरवली, हे बराकीत रोजचंच असायचं." आणि गेला.

तेव्हा तू काओशुंगला शिलाईच्या कारखान्यात होतीस. वसतिगृहाची बाई सगळ्यांची पत्रं फोडून मोठ्यानं वाचायची, म्हणून तू त्याला घरचा पत्ता दिलास, माझ्या भरवशावर. पहिली चार पत्रं मी तुला इमानानं पोचवली. पाचवं फोडलं. मला महिनाभर पहिल्या कादंबरीची एक ओळ सुचत नव्हती आणि हा फौजेत जाण्याआधी सायकलींची पंक्चरं काढणारा मुलगा पानंच्या पानं लिहीत होता! सहाव्यापासून दिलीच नाहीत. पलटण हलली, टपालपेटीचा नंबर बदलला, अशी थाप मारून तुझी पत्रंही, मी पुढे धाडते म्हणून, माझ्याकडेच मागवली. तुझं अक्षर गिरवलं आणि तुझ्या नावानं मीच त्याला लिहू लागले. तुझ्या पत्रांत रुसवा कमी पडायचा, तो मी घातला. रुसलं की तो जास्त छान लिहायचा.

कादंबरी पुरी झाली आणि मी लिहिणं थांबवलं.

त्या उन्हाळ्यात तू घरी येऊन म्हणालीस, "ताई, तो विसरला ग मला." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला, "फौजेतले असेच असतात," म्हणाले, आणि रात्री तुझं ते रडणं जसंच्या तसं नवव्या प्रकरणात उतरवलं. तेच प्रकरण पोरींना तोंडपाठ आहे. त्यानंतर आलेलं प्रत्येक स्थळ तू परत पाठवलंस. चौदा वर्षं आई तुला हट्टी म्हणते आणि मी गप्प बसते. लाज वाटते मला. माफ कर म्हणायचीही लाज वाटते.

तुला न दिलेली त्याची एकतीस पत्रं सोबत ठेवली आहेत. तीस मी फोडलेली आहेत. शेवटचं आलं तेव्हा माझी कादंबरी संपली होती, म्हणून ते मी उघडलंसुद्धा नाही. ते तूच फोड.

अजून म्हणवत असेल, तर तुझी ताई,
पी-यून