पहिली चूक अध्यक्षाची

अण्णा, आज महिन्याचा पहिला रविवार. सकाळचे साडेआठ झालेत, दहाला संघाची बैठक आहे, आणि मी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून वर्कशॉपातल्या बाकावर तुम्हाला लिहीत बसलोय. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कधी लिहावंसं वाटलं नाही. तुमची सून पोहे घेऊन आली होती, ते तसेच परत गेले. "तब्येत बरी हाय ना?" म्हणाली. मी म्हटलं, "हाय की." 

जिल्ह्यातल्या वायरमन आणि मोटार वाइंडिंगवाल्यांचा संघ तुम्ही उभा केला, तेव्हा लोकांना वाटलं होतं, आता फलक लागणार, हारतुरे होणार. तुम्ही मात्र बसस्टँडमागच्या हॉटेलात चार बाकडी जोडली आणि एकच नियम केला. बैठकीला आलेल्या प्रत्येकानं महिन्यातली आपली एक चूक उभं राहून सांगायची, आणि पहिली चूक अध्यक्षाची. "आधी माझी ऐका, मगच चहा," असं म्हणून तुम्ही टोपी सारखी करायचात. एकदा तुम्ही सांगितलं होतं की स्वयंपाकघरातला बल्ब काढताना मळलेल्या कणकेत काच पाडली, अन् मंडळीनं परातभर कणीक गोठ्यामागच्या उकिरड्यावर टाकली. ताडकळसचे एक सभासद लगेच उठून म्हणाले, "अध्यक्ष, तुमचं बरं, घरातल्या घरात निभावलं. मी बाजाराच्या दिवशी गिरणीची मोटार उलटी जोडली. बाया दळण सोडून मलाच दळायल्या." सगळे पोट धरून हसले. हसता हसता तुम्ही विचारलंत, "उलटी का जोडली गेली? वायरींला खुणा केल्या न्हवत्या ना?" आणि मग अर्धा तास त्या खुणांवरच बोलणं. त्या हॉटेलात मी जे शिकलो ते कुठल्या शाळेत मला मिळालं नसतं. शाळा तर माझी सातवीतच सुटली.

घरी तुमचा अध्यक्षपणा उंबऱ्याबाहेर राहायचा. आईच्या ओट्याजवळ तुम्ही बेलचं बटण बसवलं होतं, बेल इकडं वर्कशॉपात. एकदा वाजली की चहा, दोनदा वाजली की जेवण, आणि वाजतच राहिली की आई रागावली. तशी वाजली की तुम्ही हातातलं काम टाकून पळायचात. गिऱ्हाईक म्हणायचं, "अण्णा, एवढं भेता व्हय?" तुम्ही म्हणायचात, "चारशे चाळीसला न्हाई भीत, पण हिला भितो." वार्निशचे हात घासून घासून धुतल्याशिवाय तुम्ही आम्हा लेकरांच्या डोक्यावरून कधी हात फिरवला नाही, हेही आठवतं.

तुमचं एक बोलणं मला अजून लागतं. मी तेव्हा तीस-बत्तीसचा, दोन लेकरांचा बाप. चारठाण्याकडच्या एका सभासदानं बैठकीत सांगितलं की खांबावर माणूस असताना त्यानं खालून लाईन चालू केली. तो माणूस वाचला, पण हात गेला. सांगताना तो सभासद रडत होता. मी मोठ्यानं बोललो, "असल्या माणसाला संघात ठेवायचंच कशाला?"  घरी येताना सायकल हातात धरून चालत होतात. मोंढ्याजवळ थांबलात. "आज तू त्याला भरल्या बैठकीत उघडं पाडलंस. आता पुढच्या खेपेला कुणी सांगायचं न्हाई. अन् सांगायचं बंद झालं की मरायचं चालू होईल. समजलं का?" एवढंच. पुढच्या बैठकीत तुम्ही नियमात एक भर घातलीत: लाईन तोडायला डीपीच्या पेटीतल्या फ्यूजच्या तिन्ही ग्रिप काढायच्या आणि जो खांबावर चढणार त्यानं त्या आपल्याच खिशात घेऊन चढायचं. खाली कुणाजवळ द्यायच्या नाहीत, सख्ख्या भावाजवळसुद्धा नाहीत.

गेली अकरा वर्षं तुमच्या खुर्चीवर मी आहे. तो नियम मी दर बैठकीत घोकून घेतो. आणि बुधवारी मीच तो मोडला.

बोरीच्या पुढं एका शेतात विहिरीवरच्या मोटारीची वायर खांबावर जळाली होती. जावई आणि मी गेलो. तोही संघाचा सभासद, हाताला साफ, पोरीला सुखात ठेवलंय त्यानं. त्या शिवारात लाईट बाराला येते. आम्ही पोचलो तेव्हा सव्वाअकरा झालेले. त्यानं ग्रिप काढल्या, पण अंगात बिनखिशाचा बनियन. "मामा, तुमच्यापाशी राहू द्या," म्हणाला आणि मी घेतल्या. तो चढला. मी बाभळीखाली बसलो. ऊन आहे, तुरीवरून वारा येतोय, मला बरं वाटतंय. तेवढ्यात शेतमालकीण घागर घेऊन येते. "काका, बारा वाजायला आले की. आज तरी पाणी सुटंल का?" मी म्हणतो, "सुटंल की, आत्ता सुटंल," आणि उठतो. डीपीच्या पेटीपाशी जातो. एक ग्रिप बसवतो. दुसरी बसवतो. अण्णा, माझं लक्ष नव्हतं असं नाही. लक्ष होतं. पण वर कुणी आहे, हे डोक्यातच नव्हतं. पुसून टाकल्यासारखं. तिसरी हातात असताना वरून आवाज येतो, "मामा, पक्कड वर द्या जरा."

मी दोन्ही ग्रिप काढल्या. एक मातीत पडली, ती उचलून तिन्ही खिशात घातल्या. पक्कड दोरीला बांधून वर दिली. घड्याळात पावणेबारा, लाईट यायला पाव तास होता. तो उतरला, घाम पुसत म्हणाला, "झालं मामा, बसवा आता." त्याला काही कळलं नाही. मालकिणीनं आम्हाला ताक दिलं. त्याच दिवशी पोरीच्या घरी जेवलो. ती वाढत होती आणि मी तिच्या कपाळाकडं बघू शकत नव्हतो.

आता दहा वाजता सगळे बसतील आणि माझ्या तोंडाकडं बघतील. आजवर मी सोप्या चुका सांगत आलो, टेस्टर घरी विसरला, बिलावर तारीख चुकली, अशा. आजही एखादी सांगता येईल. पण मग पुढच्या वेळी पावणेबारा असतील की बारा, हे कोण सांगणार? आणि खरं सांगितलं तर पुढचं मला दिसतंय. जावई ओरडायचा नाही. "असू द्या मामा, होतंय असं," म्हणेल. मग एक दिवस, "लय ऊन हाय, तुमी थांबा घरी." मग पोरीचा फोन, गुडघ्याची चौकशी. मग कामं माझ्या पाठीमागं ठरतील, बैठकाही. कुणी वाईट बोलणार नाही. सगळे गोड बोलून मला बाजूला ठेवतील, आणि मी वर्कशॉपात पंख्याखाली बसून राहीन. मला याचीच भीती वाटतेय. हे कसं करतात, मला चांगलं ठाऊक आहे.

आज मी सांगणार आहे. जावई समोर बसलेला असेल, त्याच्याकडं बघूनच सांगणार आहे. त्याच्या गाडीचा हॉर्न ऐकू यायलाय, म्हणजे मला उठावं लागेल. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. शेवटच्या वर्षी तुम्ही लागोपाठ तीन बैठकांत तीच कणकेतल्या काचेची चूक नवी म्हणून सांगितलीत. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मला लाज वाटली. त्यानंतर पहिल्या रविवारी तुम्ही टोपी घालून ओसरीवर बसायचात, "निघायचं ना?" म्हणायचात. मी सांगायचो, "आज बैठक न्हाई अण्णा, पुढं ढकलली." तुम्ही "बरं" म्हणून टोपी काढून मांडीवर ठेवायचात. बैठक होती, अण्णा. दर महिन्याला होती. मी मागच्या दारानं जायचो.