अर्ध्या चपातीसाठी

सर, तुम्ही गेलात त्या दिवशी मी एचएसआर लेआउटमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर बास्केटबॉलचं कोर्ट आखत होतो. फोन आला तेव्हा रंग लावून झाला होता आणि कडेची चिकटपट्टी काढायची बाकी होती. रंग पुरता वाळायच्या आत ती काढावी लागते, नाहीतर रेषेची कड फाटते. मी 'बरं' म्हटलं, फोन खिशात टाकला आणि पट्टी काढली, जशी काढायला हवी तशी, सावकाश, तिरपी ओढत. तुम्हाला पोचवायला आलो नाही. काम होतं म्हणून नव्हे. काम चारलाच आटपलं होतं. आलो तो तिसऱ्या आठवड्यात, तेही तुमच्या घरी नाही, शाळेच्या मैदानावर, पोलादी टेप घेऊन. खो-खोच्या मैदानाच्या चार कोपऱ्यांवर तुम्ही स्वतः रोवलेले दगड अजून जागच्या जागी होते. मी दोन्ही कर्ण मोजले, दोन-दोनदा. एक दुसऱ्यापेक्षा सव्वा फूट जास्त भरला. तुमचं मैदान काटकोनात नव्हतं, सर. रेष तुम्हाला वाकडी दिसायची ती मैदानच तिरकं होतं म्हणून. हे तुम्हाला तोंडावर सांगायला मिळालं नाही, याचं मला तुमच्या जाण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

वाकडी रेष हाताने पुसायची, हा तुमचा नियम. सकाळी साडेसहाला सगळे यायच्या आधी मी फक्की टाकायची, दगडाला दोरी बांधून, डब्याला भोकं पाडून. तुम्ही यायचात, एक डोळा मिटून बघायचात आणि नुसतं बोट दाखवायचात. मग मी गुडघ्यावर बसून तळव्यांनी चुना पुसतो आहे, आणि पोरं हळूहळू जमताहेत. हाताच्या भेगांत चुना गेला की काय होतं ते लिहायची गरज नाही. जेवताना मी कालवलेला भात चमच्याने खायचो. आई म्हणायची, "इंग्रजी शाळेत घातलं तर साहेब झाला बघा." तिला मी काही सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता, कारण तुम्ही 'आपल्यातले' होता. आमचं घर बंगळूरमध्ये इतक्या पिढ्यांचं, की आमच्या मराठीत अर्धं कन्नड शिरलेलं. तुम्ही बेळगावकडून आलेले, खणखणीत मराठी बोलणारे. अख्ख्या शाळेत मराठी बोलणारी माणसं दोनच, तुम्ही आणि मी. आई दर शनिवारी माझ्याबरोबर तुमच्यासाठी डबा धाडायची, झाकणाला खळगा पडलेला तो. "एकटे असतात रे मास्तर. आपल्यातलं माणूस आहे, तुला सांभाळून घेतील. स्वल्प ऐकून घ्यायला शीक."

पोरांनाही तेच वाटायचं. तुम्ही त्यांना कन्नडात शिव्या द्यायचात, मला मराठीत. आणि मराठी कुणाला कळत नसल्यामुळे ती समजायची की आमचं दोघांचं काही घरगुती, लाडाचं चाललं आहे. पाटीवर बसलेला असताना पाठीवर खो पडला आणि उठायला मला अर्धा क्षण उशीर झाला, की तुम्ही जवळ यायचात, माझ्या कानाच्या उंचीला वाकायचात आणि अगदी हळू म्हणायचात, "तुज्यापेक्षा ह्यो खुंट बरा की रे. रोवला तिथं कामाला तरी येतोय." लांबून बघणाऱ्याला वाटावं, मास्तर युक्ती सांगताहेत. संघातला एक जण मला एकदा म्हणालाही, "निंदेनप्पा, तुझं काय बाबा, तुझे घरचेच सर आहेत." घरातल्या भाषेत कुणी मारलं, तर ते घरच्यासारखं लागतं, हे त्याला कसं समजावणार होतो.

आठवीत मी संघ सोडायचं ठरवलं. चिठ्ठी लिहिली, तीन ओळींची, समास आखून. एका रविवारी दुपारी बनशंकरीला तुमच्या खोलीवर आलो. जिना लोखंडी होता, सतरा पायऱ्या, अकरावी हलायची. दार उघडंच होतं. तुम्ही जमिनीवर बसून आमच्याच डब्यातली शनिवारची भाजी खात होता, शिळी. बनियनला काखेत भोक होतं. तुम्ही वर पाहिलंत आणि म्हणालात, "आलास? जेवलास का रं?" बस, एवढंच. आवाज वेगळा होता, किंवा मला तसा वाटला. मी मानेनेच नाही म्हटलं. तुम्ही चपातीचे दोन तुकडे केलेत, मोठा माझ्याकडे सरकवलात, आणि आपण दोघं जेवलो. परत उतरताना मी अकराव्या पायरीवर चिठ्ठी फाडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला सगळ्यांसमोर उभं केलंत आणि माझ्याबद्दल पहिल्यांदाच कन्नडात बोललात, एकाचंही ऐकायचं राहू नये म्हणून. म्हणालात, काल हा माझ्या दारात जेवण मागायला आला होता, भिकाऱ्यासारखा. घरी घालत नाहीत वाटतं याला. पोरं हसली. 'घरचेच सर' म्हणणारा सगळ्यांत जास्त हसला. आणि तरी मी राहिलो, पुढची दोन वर्षं. लोकांना मी सांगत आलो, जिद्दीने राहिलो. बायकोला सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं. कोर्ट आखून झालं की चहा पिताना माझी ही गोष्ट ठरलेली असते. त्यात चुना असतो, चपाती नसते.

आता कामाचं सांगतो. माझी मुलगी नववीत आहे, थ्रोबॉल खेळते. तिच्या शाळेचं कोर्ट मीच आखलेलं आहे. काटकोनाची युक्ती मला कुणी शिकवली नाही, रद्दीतल्या पुस्तकातून मी शिकलो. कर्णांत सुताचा फरक सापडला तर रंगाचा डबा पिईन. तिचे सर तुमच्याच वळणाचे. चेंडू सुटला की पोरीला मध्ये उभी करतात आणि बाकीच्यांना तिच्या अंगावर चेंडू मारायला लावतात. मागच्या सोमवारी तिने संघ सोडायचा अर्ज माझ्यापुढे ठेवला, पालकाच्या सहीसाठी. मी आधी घडी बघितली. म्हटलं, "कडा जुळल्या नाहीत." ती म्हणाली, "अण्णा, वाचा तरी." मी म्हटलं, आधी येऊन बघतो.

गेलो. तिच्याकडून एक चेंडू सुटला, मग दुसरा. दुसऱ्या वेळी ती मागे सरकली आणि तिचा बूट माझ्या शेवटच्या रेषेवर घासला. सर माझ्याकडे बघून हसले, म्हणाले, "तुमची मुलगी जरा स्लो आहे, सर." मला तेव्हा काय झालं कुणास ठाऊक. मी तिच्याजवळ गेलो, वाकलो आणि मराठीत हळू म्हटलं, "तुझ्यापेक्षा तो जाळीचा खांब बरा. रोवला तिथं कामाला तरी येतो." सगळे शब्द जसेच्या तसे निघाले, सर. काल घासून ठेवल्यासारखे. आजूबाजूच्या पोरींना वाटलं, बाप धीर देतो आहे. एकीने अंगठासुद्धा वर केला.

त्या दिवसापासून ती माझ्याशी मराठीत बोलत नाही. आईशी बोलते. माझ्याशी कन्नड, दुकानदाराशी बोलावं तसं नीट, आदरार्थी. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही कोर्ट बघायला गेला होता की पोरीला?" अर्ज चार दिवस फ्रिजवर पडून होता. मी ठरवत होतो की सही करायची नाही. मी टिकलो, तीही टिकेल. मग शुक्रवारी ती घरी आली ती तोंड उजळलेलं घेऊन. स्वयंपाकघरात आईला सांगत होती, आज सरांनी स्वतःच्या बाटलीतलं ग्लुकोजचं पाणी दिलं, दमलीस का विचारलं. "इतके काही वाईट नाहीत गं. बघू अजून थोडे दिवस." मी दाराशी उभा राहून ऐकत होतो, आणि मला त्या जिन्याची अकरावी पायरी पायाखाली हललेली कळली.

मी फ्रिजवरचा अर्ज घेतला आणि उभ्या उभ्या सही केली. तिच्यासमोर धरला. म्हटलं, "सोड. उद्यापासून जायचं नाही." ती कागदाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अंदरे ननगे बरल्ल अंत ताने?" म्हणजे मला जमत नाही, असंच ना? तसं नाही हे सांगायला मला ते बाटलीतलं पाणी सांगावं लागलं असतं, आणि पाणी सांगायचं तर चपाती सांगावी लागली असती. ती मी कुणाला सांगितलेली नाही. मी गप्प राहिलो. तिने तो गप्पपणाच उत्तर म्हणून घेतला, घडी घातली, यावेळी कडेला कड जुळवून, आणि दप्तरात ठेवली. बायको मागून म्हणाली, "अहो, ती राहते म्हणत होती ना?" मी म्हटलं, मला कळतं. माणसाला खरं बोलायचं नसलं की तो असंच म्हणतो, तुम्हीही म्हणायचात.

आज रविवार. दुपारचे अडीच वाजले आहेत. हे तुम्हाला पोचणार नाही, आणि पोचलं असतं तरी तुम्ही एक डोळा मिटून कुठल्या ओळीवर बोट ठेवलं असतंत, ते मला माहीत आहे. चपाती ज्याने मोडली, त्याला दुसऱ्या दिवशी तसं का बोलावंसं वाटलं, हे विचारायला बसलो होतो. ते आता विचारत नाही. मगाशी मुलगी इथून गेली. चाळीस वेळा भिंतीवर चेंडू मारून आली होती, मी मोजत होतो, एकदाही सुटला नाही. दारात क्षणभर थांबली आणि खालच्या वॉचमनला विचारते तसं विचारलं, "ऊटा आय्ता, अण्णा?" जेवण झालं का. मी म्हटलं, "आय्तु."

झालं नव्हतं.