बिस्किटांच्या डब्यातला खुनी

३ मार्च, सोमवार
चारशे बारा एपिसोड, आणि त्यातले उत्तम पाच निवडायचे! चॅनेलवाल्या बाईंचा फोन. "सर, तुमचे बेस्ट पाच तुम्हीच निवडा. पुढच्या शनिवारी कार्यक्रम आहे. स्टेजवर फक्त सांगायचं, खुनी कसा ठरवता." मग आवाज खाली आणून — नवी मालिका मला द्यायची की त्या तरुण दाढीवाल्या लेखकाला, हे माझ्या उत्तरावर ठरणार.
झालं! आता काय सांगू? चिठ्ठ्या टाकतो म्हणून?

४ मार्च
हे कुणालाच माहीत नाही, म्हणून इथे लिहितो. एपिसोड शेवटच्या दोन पानांपर्यंत आणतो, पानं रात्रभर टेबलावर पडलेली असतात. सगळ्यांवर सारखाच संशय. मग पाच संशयितांच्या पाच चिठ्ठ्या, बिस्किटांच्या जुन्या डब्यात. बायको ऑफिसला निघता निघता एक काढते, उघडते, नाव सांगते, चिठ्ठी परत डब्यात, पाय चपलेत. मी बसून शेवट लिहितो. अकरा वर्षं हेच! तिच्या हाताला गुण आहे. बाकी तिला यातलं काय कळतं — ती विमा कंपनीत खोटे दावे पकडते. रुक्ष काम.

७ मार्च
पाच निवडले. पहिला नंबर दंतवैद्याच्या खुर्चीतल्या खुनाचा. दुसरा, रिकाम्या तरणतलावात बुडून मेलेला माणूस. तीन दिवस जुने एपिसोड बघतोय आणि स्वतःवरच खूश आहे. काय तो भूलतज्ज्ञ! पहिल्या मिनिटापासून ढसाढसा रडतोय आणि कुणाला शंका म्हणून नाही. लिहिताना मलाही नव्हती.
एकच खटकलं. सगळ्यात पडेल एपिसोड सलग अठरा आहेत — बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती तेव्हाचे. तेव्हा चिठ्ठ्या मी काढायचो. तीनदा माळी आला. तिसऱ्यांदा तर माळी पहिल्याच सीनमध्ये मेलेला होता, त्याची चिठ्ठी चुकून पडली होती. तरी तोच खुनी केला. चिठ्ठीपुढे कुणाचं चालतं!

८ मार्च
माळ्याचा एपिसोड पुन्हा बघितला. अर्ध्यात बंद केला.

१० मार्च
एपिसोड चारशे तेरा. डबा बायकोपुढे धरला. "धाकटी बहीण," म्हणाली आणि गेली. दुपारी लिहायला बसलो. अप्रतिम! एकेक धागा आपोआप जुळला.
मग रुमालासाठी खिशात हात घातला तर पाच चिठ्ठ्या. आजच्या! डब्यात टाकायच्याच राहिल्या होत्या. डबा उघडला. आत मागच्या एपिसोडच्या — स्वयंपाकी, वकील, पोस्टमन, ड्रायव्हर, घरमालक. बहीण कुठेच नाही. पुन्हा पुन्हा मोजल्या.


११ मार्च
पुढच्या एपिसोडची पानं कालच टेबलावर ठेवून दिली होती. आज डब्यात मुद्दाम पाच कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या. तिनं एक उघडली, कोरा कागद नीट डोळ्यांसमोर धरला. पापणीही लवली नाही. "कंपाउंडर."
"कागद कोरा आहे," मी म्हटलं.
"हो का?" चपला घातल्या. दारापर्यंत गेली, परत आली. "पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं, खुनी मावशी दाखव. तू आठ दिवस बोलला नाहीस. जेवलास मात्र वेळेवर. मग चिठ्ठ्यांचं तूच काढलंस. मला बरं पडलं."
"पण तुला कळतं कसं?"
"न विचारता जो पुरावा देतो, तो. आमच्याकडे रोज येतात."
भयंकर राग आला. अकरा वर्षं मला वेड्यात काढलं! मग लाज वाटायला लागली, ती अजून वाटतेय.

१३ मार्च
पाचही एपिसोड पुन्हा पाहिले. संवाद माझे आहेत. प्रेतं माझी आहेत.

१४ मार्च
उद्या कार्यक्रम. 'लेखकाची अंतर्दृष्टी' — साडेतीन पानांचं भाषण तयार आहे. बरं झालंय! नवी मालिका खिशात आल्यासारखीच.
तरी चैन पडेना. दोन चिठ्ठ्या केल्या. उगाच नशिबावर सोडायला नको म्हणून दोन्हींवर 'सांगू नको' लिहिलं. डबा तिच्यापुढे धरला. "उद्या स्टेजवर खरं सांगू का?"
तिनं एक उघडली. वाचली. माझ्याकडे बघितलं.
"सांग."

१५ मार्च
सांगितलं. लोक आधी हसले, मग टाळ्या. दाढीवाला उभं राहून वाजवत होता! चॅनेलवाल्या बाई माझ्या दिशेनं आल्या, मी हात पुढे केला, त्या मला ओलांडून थेट पहिल्या रांगेतल्या बायकोपाशी गेल्या.

२४ मार्च
नवी मालिका तिला मिळाली. आज सकाळी तिनं डबा माझ्यापुढे धरला. मी चिठ्ठी काढली, उघडली. कोरी.
"काय आलं?"
खूप वेळ वाचली. मग म्हणालो, "मेव्हणा."
"पुन्हा काढ," ती म्हणाली.